एकशे बारा नंबरचं रक्त

अमरावती
२४ एप्रिल २०२५

ती. मामा,

पाया पडतो. पत्र मुद्दाम दाल मिलच्या पत्त्यावर टाकतो आहे. तुमचा मोबाईल तुमच्या लेकीच्या, अवनीच्या हातात असतो आणि स्पीकर मामीच्या कानात, त्यामुळे आपलं बोलणं म्हणजे चौकातलं भाषण होतं. शिवाय गेल्या वेळी फोनवर मी तुमच्यावर ओरडलो ते मला अजून टोचतं आहे. कागदावर ओरडता येत नाही, हे एक बरं.

तुमचा रिपोर्ट आज लॅबमधून उचलला. पाकीट चिकटवलेलं होतं, ते तसंच दुसऱ्या पाकिटात घालून मामीच्या नावानं घरी रवाना केलं. तिनं मला बजावलं होतं, 'मामाच्या हाती देऊ नको, तो फाडून टाकीन.' मी उघडूनही पाहिलं नाही. पाहायचं काय? रक्त तर माझं आहे.

त्या दिवसाची आठवण आली की टेम्पो चालवताना एकटाच हसतो. नात्यातला साखरपुडा, त्या साक्षगंधाच्या हॉलशेजारच्या शाळेत फुकट तपासणीचं शिबिर, मामीनं तुमच्या नावाचा फॉर्म भरून तुम्हाला रांगेत ढकललं आणि ती बायकांत गेली. तुम्ही सुई पाहिली मात्र, मिलमध्ये क्विंटल-क्विंटलची पोती काट्यावर घेणारा माणूस कढीसारखा पांढरा झाला. फॉर्म माझ्या हातात कोंबलात, 'तू बस बाप्पा, तुझं रक्त ताजं आहे,' म्हणालात आणि थेट पानठेल्यावर. तिथे फॉर्म एका टेबलावर जमा होत होते आणि रक्त दुसऱ्या टेबलावर. नुसती नंबराची चिठ्ठी. एकशे बारा. सुई टोचणाऱ्या पोरीनं चिठ्ठी पाहिली, माझा दंड पाहिला, तोंड पाहिलंच नाही.

मी मात्र पाहिलं, मामा.

तिचं नाव दामिनी. आज लॅबमध्ये कळलं. चांदूर रेल्वेहून रोज गाडीनं अप-डाउन करते. त्या लॅबच्या शेजारच्या हॉटेलात आमच्या कोल्ड्रिंकच्या एजन्सीचा माल उतरतो, म्हणजे आठवड्यातून दोनदा माझा रस्ता तिच्या दारावरून. गेल्या वेळी मी काचेतून पाहत उभा होतो तर गजेंद्रनं मागून हॉर्न वाजवला. गजेंद्र म्हणजे टेम्पोवरचा माझा जोडीदार. तो सगळ्यांना सांगत फिरतो की श्याम प्रेमात वाळून चालला. खोटं नाही. दोन महिन्यांत पँट दोन वेळा आवळून शिवली. रात्री तीन-चारदा जाग येते. तहान तर इतकी, की ठेचलेल्या, डाग पडलेल्या बाटल्या एजन्सीवाला शेखर आम्हालाच देतो, त्यातल्या दोन-तीन मी एकटा संपवतो. प्रेमात भूक मरते म्हणतात, माझी उलटी वाढली आहे. चार भाकरी सहज.

कॉलेजचं विचारू नका. सरांच्या अंगावर धावून गेलो ते चुकलं, हे मी मानतो. परत जाऊन माफी मागणं वेगळं.

तुमचा रिपोर्ट स्वच्छ येणार. मामीकडून एक दिवस पुरणाची पोळी वसूल करा.

तुमचा
श्याम


अकोला
२ मे

चि. श्याम,

आशीर्वाद आहेच. कान पिळायचं भेटीवर ठेवतो.

पुरणाची पोळी राहू दे. तुझ्या मामीनं पाकीट ओट्यावर उघडलं अन् तिथंच बसली. मी आंघोळ करून आलो तर घरात सुतक पडल्यासारखं. मले वाटलं गावाकडून काही आलं. तिनं कागद पुढं केला. साखर तीनशे दहा. तीन महिन्यांची साखर म्हणून एक असते, ते अकरा पूर्णांक सहा. शेजारी दोन बाण, वर तोंड करून. मले इंग्रजी फार येत नाही, पण बाण समजते.

तेव्हापासून मी शिक्षा भोगून राहिलो. भात बंद. चहात साखर बंद. सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस, त्याच्यावर भिजवलेली मेथी. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी तिनं माझ्या खिशातून काढून चुलत्याच्या म्हशीच्या गोठ्यात फेकली, म्हैस पण तिकडं गेली नाही. रोज पाच वाजता उठवून चालायले नेते. ती पुढं, मी मागं. मिलमधला नत्थुजी हमाल पाहून म्हणे, 'महादेवराव, वहिनीनं चोर पकडला का?'

हे मी हसत लिहून राहिलो, पण मले हसू येत नाही. कारले मी खाऊन राहिलो अन् साखर तुझी आहे.

तुझं पत्र मी काट्याच्या केबिनमध्ये चार वेळा वाचलं. तहान. वाळणं. रात्री उठणं. भूक. तू याले प्रेम म्हणून राहिला. अरे, प्रेमानं माणूस रात्री उठून आढ्याकडं पाहते, संडासात जात नाही. खरं सांग, कायले उठतो?

हे पत्र भेटल्या दिवशी डॉक्टरकडं जाय. तुझ्या नावानं, तुझ्या वयानं तपासून घे. मामीले मी काही सांगितलं नाही. सांगू कसा? म्हटलं तर म्हणीन, पोराचं रक्त काढून दिलं अन् स्वतः पानठेल्यावर उभा राहिला.

ऊन लय आहे. माझंही डोकं ठणकते, ते उन्हाचं. तू तुझं पाहाय.

मामा


अमरावती
७ मे

ती. मामा,

पत्र मिळालं. वाचून डोकं असं फिरलं की टेम्पो थेट लॅबच्या दारात लावला. गजेंद्र मागून ओरडत राहिला की बर्फ वितळतोय.

माझं सरळ म्हणणं असं, की लॅबची चूक आहे. शिबिरात दोनशे माणसं, बाटल्या इकडच्या तिकडे झाल्या असतील. एकशे बाराची एकशे एकवीस. चोवीस वर्षांच्या पोराला साखर कशी होईल? मी दिवसाला तीस-चाळीस क्रेट उचलतो. बाबा शेतात दिवसभर उभे असायचे, त्यांना कधी काही झालं नव्हतं, एकदम हार्टच गेलं. आपल्याकडे साखर नाही.

तिथे दामिनीच होती. मी काउंटरवर हात आपटला. आता लाज वाटते, पण आपटला. म्हणालो, 'तुमचं मशीन खराब आहे, माझ्या मामाला फुकटचं आजारी पाडलं.' रांगेतली माणसं मागे सरली. ती सरली नाही. तिनं पेन खाली ठेवलं, नंबर विचारला, कॉम्प्युटरमध्ये पाहिला आणि म्हणाली, 'मामाचं वय चोपन्न. चोपन्नाव्या वर्षी असा रिपोर्ट आम्ही रोज चार देतो. शंका असेल तर पेशंटला घेऊन या, पुन्हा काढू, पैसे घेणार नाही.'

मी म्हणालो, पेशंट अकोल्याला आहे.

'मंग अकोल्यातून आणा. भाच्यानं ओरडल्यानं मामाची साखर कमी होत नसते.'

मागचे लोक हसले. मामा, ती माझ्याशी पहिल्यांदा एवढं बोलली आणि ते हे असं. मी कोणत्या तोंडानं सांगू की पेशंट तुमच्यासमोर उभा आहे? तिच्या डोळ्यांत मी आधीच टवाळ झालो, आता खोटारडाही होऊ? वर आजारी? चोवीस वर्षांच्या साखरवाल्याला पोरगी कोण देतं, तुम्हीच सांगा.

मी दोन दिवस बाटल्या बंद करून पाहतो. तहान उन्हाची आहे, बंद होईल. रात्री कशाला उठतो ते विचारलंत, तर पाणी जास्त प्यायलं की माणूस उठणारच, त्यात रोग कसला?

नवीन बुटानं उजव्या अंगठ्याला फोड आला आहे, तीन आठवडे झाले, बसता बसत नाही. लंगडत लॅबसमोरून जायचं बरं दिसत नाही, म्हणून या आठवड्यात त्या बाजूचा माल गजेंद्रच उतरवतो.

माझ्यावरून कारलं खाऊ नका. मामीला सांगा रिपोर्ट चुकला आहे.

श्याम


अकोला
१३ मे

चि. श्याम,

अंगठ्याचं वाचलं अन् मी कागद घडी करून खिशात ठेवला. मिलमध्ये तुरीचे दोन ट्रक उभे होते, वजन करता करता आकडे चुकले. मालकानं पाहिलं.

तुले एक गोष्ट सांगायची आहे. तीन वर्षं सांगितली नाही. फोनवर सांगता आली नसती, समोरासमोर त्याहून नाही.

तुझ्या बाबाले साखर होती.

त्यानं मलेच सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाले नाही. परतवाड्याच्या एका डॉक्टरकडं दुसऱ्याच कामानं गेला होता, तिथं निघाली. रिपोर्ट त्यानं अंजनगावच्या घरी हरभऱ्याच्या कोठीमागं ठेवला होता. मले म्हणे, 'महादेवराव, पोराची पहिली फी भरली, त्याचं शिक्षण होऊ दे, मंग पाहू. जयवंताले सांगाल तर माझी शपथ.' जयवंता, माझी सख्खी बहीण, रोज त्याले गूळ घालून चहा देत होती. मी तिच्या घरी बसून तो चहा पेलो, श्याम. त्याच्या शेजारी बसून. अन् गप्प राहिलो. दोन वर्षं. मले वाटे माणसाची शपथ मोठी. मंग एक दिवस शेतातून फोन आला. डॉक्टर म्हणे साखरेच्या माणसाले छातीत दुखलेलंही कधी कधी समजत नाही.

मी सुईले घाबरत नाही रे. कागदाले घाबरतो. माझ्या नावाचा कागद निघाला तर मलेही कोठीमागं ठेवावा लागीन, असं वाटे. म्हणून तुझा दंड पुढं केला.

आता ऐक. मामीनं येत्या सोमवारी मले डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं. तो रिपोर्ट पाहून मले साखरेची गोळी देईन. अन् ज्याले साखर नाही त्यानं ती गोळी खाल्ली तर काय होते, ते मले मेडिकलवाल्यानं सांगितलं. म्हणजे मले खरं बोलावंच लागीन. ते मी रविवारी बोलतो. पण ते माझ्यासाठी झालं. तुझ्यासाठी तुलेच बोलावं लागीन.

एकदा मी शपथ पाळली. दुसऱ्यांदा पाळणार नाही. आठ दिवसांत तू डॉक्टरकडं गेला नाही तर मी जयवंताले सांगतो. तुले राग आला तर येऊ दे. जिता राहून राग कर.

मामा


अकोला
२९ मे

चि. श्याम,

सोळा दिवस झाले, उत्तर नाही. फोन लावला तर बंद. शेखरच्या एजन्सीत लावला, ते म्हणे चार दिवस कामावर नाही. गजेंद्र फोन उचलत नाही.

आठ दिवसांचं बोललो होतो. नवव्या दिवशी जयवंताले फोन लावला अन् तिनं 'कसा आहेस दादा' विचारलं तर तोंडातून 'बरा' निघालं. हे मी कबूल करतो. उद्या सकाळच्या एसटीनं अमरावतीले निघतो. मामी सोबत आहे, तिले सगळं माहीत आहे.

त्याच्या आत हे पत्र भेटलं तर एक ओळ लिही.

मामा


अमरावती
३ जून

ती. मामा,

तुम्ही आणि मामी परवा दवाखान्यात उशाशी बसून गेलात, तेव्हा मी फारसं बोललो नाही. नर्स होती, आई होती, आणि मामी डब्यातली भाकरी मोडता मोडता डोळे पुसत होती. म्हणून आता लिहितो. आज सुटी मिळाली, खोलीवर आहे.

तुमचं बाबांचं पत्र मी चांदूर बाजारच्या रस्त्यावर टेम्पो थांबवून वाचलं. पहिल्यांदा तुमचा एवढा राग आला की तुम्ही समोर नव्हता हे बरं. मग बाबांचा आला. मग त्यांना शिव्या देत देत रडलो. गजेंद्र म्हणाला, काय झालं बे? मी म्हणालो, काही नाही, पोरीचं. बघा, तेव्हाही मी खोटंच बोललो. तोंडातून आपोआप आलं. आणि त्याच क्षणी मला बाबा दिसले, गुळाचा चहा पिताना, 'मला काय होते?' म्हणताना. त्यांच्या तोंडातूनही असंच आपोआप येत असेल.

तरी मी गेलो नाही. आठ-दहा दिवस गेलो नाही. फोन बंद केला, कारण तुम्ही आईला सांगाल ही भीती. अंगठा काळपट व्हायला लागला. पंचवीस तारखेला क्रेट उचलताना डोळ्यापुढे अंधार आला, पडलो नाही, पण क्रेट पडला. पुढचे दोन दिवस खोलीतच होतो. श्वासाला नासक्या फळासारखा वास येतो असं गजेंद्र म्हणाला. तो थट्टेत म्हणाला, पण मी घाबरलो.

मग लॅबमध्ये गेलो. गर्दी नव्हती. दामिनीनं मला पाहून रजिस्टर जवळ ओढलं, जसं काही मी परत आपटणार आहे. मी म्हणालो, एकशे बारा नंबरचं रक्त मामाचं नव्हतं, माझं होतं.

तिनं बोटाला टोचून मशीन लावलं. मशीननं आकडा दाखवलाच नाही, नुसतं इंग्रजीत दोन अक्षरं दाखवली. ती म्हणाली, याचा अर्थ सहाशेच्या वर. आणि उठून, लॅब दुसऱ्याच्या हवाली करून, मला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेली. ऑटोत ती माझ्यावर जे चिडली, मामा, तसं मी सरांवरही चिडलो नव्हतो. साखर आहे म्हणून नाही.

'चोवीस वर्षांच्या माणसाचा असा रिपोर्ट आला असता तर त्याच दिवशी आम्ही फोन केला असता. घरी माणूस पाठवला असता. तुम्ही चोपन्न लिहिलं, म्हणून तो कागद आम्ही ढिगात ठेवला. दीड महिना. तुमच्या मामाच्या वयानं तुम्हाला मारलं असतं.'

दवाखान्याच्या फॉर्मवर वय मी स्वतःच्या हातानं लिहिलं. चोवीस.

डॉक्टर म्हणतात, या वयातली साखर नेमकी कोणत्या प्रकारची ते अजून एका तपासणीनं कळेल, पण आत्ता इन्सुलिन लागणार, आणि कदाचित कायमचं. दिवसातून चार वेळा. पोटाला टोचायचं. पहिल्या दिवशी मी नर्सला म्हणालो, मला जमणार नाही. ती म्हणाली, जमू नका देऊ, मी घरी येणार नाही टोचायला. अंगठा वाचला आहे. पण आणखी आठवडा काढला असता तर तो वाचलाच असता असं त्यांनी सांगितलं नाही.

आईला मीच सांगितलं, बाबांचंही. ती तुमच्यावर चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, 'कोठीमागं म्हणजे कोणत्या कोठीमागं?' मामा, तुम्ही तिला एकदा भेटा. फोन नको.

आणि तुमचं रक्त? कारल्याचं सोडा, ते कुणाच्या नावानं काढलं आहे का अजून?

श्याम


अकोला
१५ जून

चि. श्याम,

काढलं. माझ्या नावानं, माझ्या दंडातून, मामी समोर उभी राहून. डोळे मिटले होते, खोटं कायले लिहू.

साखर नाही. काठावर आहे, पण नाही. मामी म्हणे, तीन आठवड्यांच्या कारल्यानं उतरली असेल. मी वाद घातला नाही. पण डॉक्टरनं दंडाले पट्टा बांधला, फुगवला, पाहिलं, परत फुगवला. बीपी एकशे ऐंशी, खालचं एकशे आठ. मले विचारते, 'डोकं दुखते का?' म्हटलं, दुखते, उन्हाचं. ते म्हणे, 'तुमच्या डोक्यात ऊन किती वर्षांपासून आहे?'

म्हणजे मीही तुझ्यासारखाच निघालो. तू रोगाले प्रेम म्हणत होता, मी ऊन म्हणत होतो. तुझ्या बाबानं पोराची फी म्हटलं. माणूस कशालेही काही म्हणते, डॉक्टर सोडून.

रविवारी मामीले सांगितलं होतं ते कसं, हे तुले दवाखान्यात सांगता आलं नाही. ती आधी हसली. खरंच हसली, पदर तोंडाले लावून, की मी दुसऱ्याच्या साखरेपायी तेवीस दिवस कारलं पेलो. मंग हसता हसता थांबली. दोन दिवस चालायले एकटीच गेली. तिसऱ्या दिवशी म्हणे, 'तुमाले माझा भेव नाही वाटला, कागदाचा वाटला.'

जयवंताकडं जाऊन आलो. तिनं चहा केला. तिच्याच हातानं, बिनसाखरेचा. कोठी तिनं हलवून पाहिली होती. कागद तिथंच होता. तिनं तो आता देवाजवळ नाही, कपाटात ठेवला, तुझ्या रिपोर्टाच्या फाईलीत. म्हणे, डॉक्टरले दाखवायले कामाचा आहे.

खर्रा सोडणं बीपीच्या गोळीहून अवघड आहे, हे तुले सांगून ठेवतो. पहिले चार दिवस मी मिलमध्ये सगळ्यांवर खेकसलो. हात आपोआप खिशात जाये. आता खिशात भाजलेले फुटाणे ठेवतो. परवा चुकलो, नत्थुजीच्या पुडीतलं चिमूटभर घेतलं. घरी आल्यावर मामीले सांगितलं. रागावली, पण ताट वाढलं.

मालकाले म्हटलं, हमालांची तपासणी ठेवा. तो म्हणे, कोणी येणार नाही. मी काट्यावर उभा राहून सांगितलं, जो दंड दाखवीन त्याचा ट्रक आधी रिकामा होईन. एकतीस जण आले. नावं मी स्वतः लिहिली, प्रत्येकाले तोंडाकडं पाहून. सात जणांचं बीपी निघालं. एका पोराचं वय बावीस. तो म्हणे, 'मामाजी, झोप होत नाही म्हणून असीन.' मी त्याले हात धरून डॉक्टरच्या समोर बसवलं.

तुझी सुई कशी आहे? अन् ती पोरगी? मागच्या पत्रात तिचं नाव तू एकदाच घेतलं, म्हणून विचारतो.

मामा


अमरावती
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

ती. मामा,

नमस्कार, तुम्हाला आणि मामीला. तीन महिने नुसत्या फोनवरच्या खुशाल्या झाल्या. आज लिहायलाच पाहिजे असं काहीतरी झालं आहे.

आधी तब्येतीचं. सुई आता पोटाला कळतही नाही. बाटल्यांची एजन्सी सोडली. शेखर म्हणाला, तुझ्यासारखं गिऱ्हाईक गेल्यावर डागी माल वाढला. आता एका औषधांच्या होलसेलवाल्याकडे डिलिव्हरीला आहे. सकाळी वडाळी तलावापर्यंत चालतो, पहिल्या दिवशी अर्ध्यात बसलो होतो. जेवण वेळेवर. हे 'वेळेवर' सगळ्यात कठीण. रागाचंही एक कळलं: साखर उतरली की मी चिडतो. म्हणजे सगळा राग माझा नव्हता. सरांच्या अंगावर धावून गेलो तेव्हा कोणती होती ते मोजलेलं नाही, म्हणून ती जबाबदारी माझीच धरतो. जुलैत जाऊन त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, परीक्षेचा फॉर्म जानेवारीत भर, मग बघू.

गेल्या बुधवारी तीन महिन्यांची साखर तपासली. सात पूर्णांक दोन. रक्त दामिनीनंच काढलं.

तुम्ही तिचं विचारलं होतं. जूनमध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं. दवाखान्यात ती दोनदा आली, लॅबच्या कपड्यात, पाच मिनिटं, आकडे विचारून गेली. नंतर मी दर पंधरा दिवसांनी लॅबमध्ये जायचो, ते आकड्यांसाठीच. ऑगस्टमध्ये एकदा स्टेशनवर तिची गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो. मी तिला सांगितलं, शिबिरात मी रांगेत का बसलो आणि काउंटरवर का ओरडलो. ती म्हणाली, 'मला वाटलंच होतं. काचेतून पाहणारा माणूस आतून पण दिसतो.' गाडी लागायच्या आधी म्हणाली, 'घरी येऊन बोलायचं असेल तर सगळं बोला. मी काही लपवणार नाही.'

तर आज मी तिच्या घरी गेलो होतो. एकटा. तुम्हाला सोबत घ्यायला पाहिजे होतं हे कळतं, पण सात पूर्णांक दोन हातात आल्यावर थांबवेना. चांदूर रेल्वेला उतरलो, घर विचारत गेलो. तिचे वडील खुशालराव, शाळेत मास्तर होते, आता रिटायर. दार उघडून त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. मी नाव सांगितलं आणि कशासाठी आलो ते एका दमात सांगितलं. ते म्हणाले, 'अरे बाप्पा, पितृपक्षात कोणी पोरगी मागायला येते का?'

मामा, मला आठवणच नव्हती. परत फिरायला लागलो, तर म्हणाले, आलाच आहेस तर पाणी पिऊन जा.

बसलो. त्यांनी शिक्षण विचारलं, मी सांगितलं: मधेच सोडलं, माझ्या चुकीनं, परत सुरू करायचं आहे. शेती विचारली, सांगितली. बाबा कशानं गेले विचारलं. मी म्हणालो, 'हार्टनं. पण त्याआधी दोन वर्षं साखर होती आणि त्यांनी कुणाला सांगितली नाही.' मग पिशवीतून फाईल काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. पहिल्या पानावर अकरा पूर्णांक सहा, शेवटच्या पानावर सात पूर्णांक दोन, सगळीकडे माझं नाव. पहिल्या पानावर तेवढं तुमचं आहे. ते का, तेही सांगितलं.

खुशालरावांनी चष्मा लावला. पानं एकेक करून पाहिली, मास्तर वह्या तपासतात तशी. बाहेर कुणाच्या तरी घरी पानं वाढायची गडबड चालू होती, कावळ्यांना हाका ऐकू येत होत्या. दामिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. माझ्याकडे पाहत नव्हती, वडिलांच्या हातांकडे पाहत होती.

'रोज सुई?' त्यांनी विचारलं.

'रोज. चार वेळा.'

'जन्मभर?'

'बहुतेक.'

त्यांनी फाईल मिटली, पण परत दिली नाही. मांडीवरच ठेवली. म्हणाले, 'मी तीन वर्षांपासून तपासलं नाही काही. ही पोरगी रोज म्हणते.' मला वाटलं, हे नाही म्हणायचेच शब्द शोधत आहेत, आणि मी उठायच्या बेतात पिशवी उचलली.

तेव्हा आतून, स्वयंपाकघरातून, तिच्या आईचा आवाज आला. मी तिला अजून पाहिलंही नव्हतं.

'त्याची जेवायची वेळ कोणती आहे? विचार त्याले.'

दामिनीनं विचारलं नाही. तिला ठाऊक होती. ती म्हणाली, 'एक वाजता, आई. वीस मिनिटं आहेत,' आणि हात धुवायला पाणी घेऊन आली.

तुमचा
श्याम